सोंग एका दिवसाचे, आजार वर्षभराचा

सोंग म्हटले की आपल्याला जत्रा आठवते, शिमगा आठवतो. मुंबईत मात्र ते जानेवारीत धावते! २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनच्या ‘ड्रीम रन’मध्ये हौशी मंडळी नऊवारी नेसून, वारकरी होऊन धावतात; सेवाभावी संस्थांसाठी देणग्या गोळा करतात. इकडे उडुपीला बांधकाम मजूर रवी कटपाडी यांनी कृष्णाष्टमीला अक्राळविक्राळ वेष घेऊन आजारी मुलांच्या उपचारांसाठी लाखो रुपये जमवले. मराठी असो की कन्नड, ‘वेष’ हा शब्द एकच.

पण थॅलेसेमिया झालेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. वेष संध्याकाळी उतरतो, आजार उतरत नाही. म्हणून बेळगाव-निपाणीत कुणी असे धावले, तर टाळ्यांबरोबर दरमहा थोडी रक्कम द्यायचेही ठरवू या.