सोया लेसिथिन : तेल आणि पाणी यांचा मध्यस्थ

बिस्किटांच्या किंवा चॉकलेटच्या वेष्टनावरील बारीक अक्षरे तुम्ही कधी वाचली आहेत काय? मैदा, साखर, तेल अशी ओळखीची नावे संपली की शेवटी शेवटी ‘सोया लेसिथिन’ किंवा ‘इमल्सिफायर ३२२’ असे शब्द आढळतात. ते वाचून काही जण घाबरतात. हे कसले रसायन आपण मुलांना खाऊ घालतो, असे त्यांना वाटते. उलट काही जण याच पदार्थाच्या गोळ्या स्मरणशक्ती वाढावी म्हणून दाम मोजून घेतात. घरी पाव, केक आणि चॉकलेट करणारी मंडळीही हल्ली लेसिथिन विकत आणतात. एकाच पदार्थाविषयी भीतीही आणि भक्तीही! अशा वेळी तीन साधे प्रश्न विचारावेत. हा पदार्थ काम काय करतो? तो येतो कोठून? आणि आपल्या पोटात तो जातो किती?

दोन्ही डगरींवर हात

तेल आणि पाणी कितीही घुसळले तरी थोड्या वेळाने वेगळे होतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. लेसिथिनचा रेणू मात्र दोन्ही डगरींवर हात ठेवणारा आहे. त्याला मेदाम्लांच्या दोन लांब शेपट्या असतात. त्यांना तेल मानवते. त्याच्या डोक्याकडे फॉस्फेट आणि कोलीन हे गट असतात. त्यांना पाणी मानवते. तेलाच्या बारीक थेंबाभोवती हे रेणू शेपट्या आत आणि डोकी बाहेर करून दाटीने उभे राहतात. मग थेंब एकमेकांत मिसळत नाहीत आणि मिश्रण दुधासारखे पांढरट राहते. अशा मिश्रणाला पायस म्हणतात आणि ते टिकवणाऱ्या पदार्थाला पायसीकारक.

हे स्वतः करून पाहा. दोन स्वच्छ बाटल्यांत प्रत्येकी अर्धा कप पाणी आणि चार चमचे गोडे तेल घ्या. एका बाटलीत अंड्याचा थोडा पिवळा बलक घाला. दोन्ही बाटल्यांची बुचे घट्ट लावून त्या सारख्याच वेळा हलवा आणि घड्याळ लावून निरीक्षण करा. नुसत्या तेलपाण्याचे थर लवकर वेगळे होतील. बलक घातलेले मिश्रण बराच वेळ एकजीव राहील. अंडे नको असेल तर सोयाबीनचे बारीक पीठ घेऊनही प्रयोग होतो. मात्र बलकात आणि सोयापिठात प्रथिनेही असतात व तीही पायस टिकवायला मदत करतात. म्हणून सगळे श्रेय एकट्या लेसिथिनला देऊ नका.

बलकाचा उल्लेख उगीच केलेला नाही. गोब्ले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८४० ते १८५० या दशकात हा पदार्थ प्रथम अंड्याच्या बलकातूनच वेगळा केला. ‘लेकिथॉस’ या बलकाच्या ग्रीक नावावरून त्याने त्याला लेसिथिन हे नाव दिले.

घाणीतील गाळ ते कारखान्याचा माल

मग अंड्याऐवजी सोयाबीन कसे आले? सोयाबीनच्या दाण्यात सुमारे २० टक्के तेल असते. कारखान्यात दाण्याचे पातळ पापुद्रे करून ते हेक्झेन या द्रावकात भिजवतात. तेल हेक्झेनमध्ये उतरते आणि मागे पेंड राहते. हेक्झेन सुमारे ६९ अंश सेल्सिअसला, म्हणजे पाण्याच्या आधीच उकळते. त्यामुळे ते उष्णतेने उडवून परत वापरता येते. अन्नात त्याचा अगदी अत्यल्प अंश राहू शकतो. त्यावर कायद्याने मर्यादा घातलेली असते.

अशा कच्च्या तेलात साधारण २ ते ३ टक्के चिकट पदार्थ असतो. पूर्वी तो टाक्यांच्या तळाशी साचून उपद्रव देई. तेलात थोडे गरम पाणी मिसळले की हा पदार्थ पाणी शोषून फुगतो, जड होतो आणि केंद्रोत्सारी यंत्रात वेगळा निघतो. तो वाळवला की मधासारखे घट्ट, तपकिरी सोया लेसिथिन मिळते. १९२० नंतरच्या दशकात जर्मनीत हा धंदा उभा राहिला आणि टाकाऊ गाळाला मोल आले.

आपल्या देशात मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही सोयाबीनची प्रमुख राज्ये आहेत; विदर्भात आणि मराठवाड्यात हे पीक मोठ्या प्रमाणावर घेतात. जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या लागवडीला भारतात परवानगी नाही. अमेरिका, ब्राझील आणि अर्जेंटिना येथे मात्र बहुतेक सोयाबीन त्याच प्रकारचे असते. सोयाबीन नको असणाऱ्यांसाठी सूर्यफुलाचे लेसिथिनही मिळते.

पोटात जाते किती?

आता थोडे गणित करू. चॉकलेटमध्ये लेसिथिन साधारण अर्धा टक्का असते. तेवढ्याने साखरेचे कण कोकोच्या लोण्यात सहज घसरू लागतात आणि वितळलेले चॉकलेट पातळ वाहते. म्हणजे ५० ग्रॅमच्या वडीत लेसिथिन किती? पाव ग्रॅम. आता एका अंड्याचा बलक घ्या. त्याचे वजन सुमारे १७ ग्रॅम असते आणि त्यात लेसिथिनसारखी फॉस्फरसयुक्त स्निग्ध द्रव्ये दीड ग्रॅमच्या आसपास असतात. म्हणजे एका बलकात जेवढे मिळते, तेवढ्यासाठी चॉकलेटच्या सहा वड्या खाव्या लागतील! आणि तेव्हा चिंता करायची ती लेसिथिनची नव्हे, साखरेची.

शिवाय आपले यकृतच पित्तातून रोज काही ग्रॅम लेसिथिन आतड्यात सोडते, कारण अन्नातील मेद पचवायला तेथेही पायस करावे लागते. आपल्या प्रत्येक पेशीचे पटलही याच जातीच्या रेणूंच्या दुहेरी थराचे बनलेले असते. त्यामुळे हा पदार्थ शरीराला परका नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ साली लेसिथिनचा पुन्हा आढावा घेतला. अन्नात वापरतात त्या प्रमाणात एक वर्षावरील व्यक्तींना त्यापासून काळजीचे कारण नाही, असा तिचा निष्कर्ष निघाला.

याच गणिताने मोठमोठे दावेही गळून पडतात. लेसिथिनमधील कोलीन हे आवश्यक पोषकद्रव्य आहे, हे खरे. पण ते अंडी, दूध, मासे, सोयाबीन यांतून मिळतेच. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवरील चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा लेसिथिनने फायदा होतो असा पुरावा आढळला नाही. गोळ्या भरपूर घेतल्या तर पोट मात्र बिघडू शकते. २०११ साली अमेरिकेतील संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. आतड्यातील जंतू या रेणूपासून एक वायू बनवतात, यकृत त्याचे दुसऱ्या संयुगात रूपांतर करते आणि ज्यांच्या रक्तात हे संयुग जास्त असते त्यांच्यात हृदयविकार अधिक आढळतो. हे संयुग हृदयविकाराचे कारण आहे की केवळ सोबती, यावर अजून वाद आहे. तोवर गरज नसताना मोठ्या मात्रेच्या गोळ्या न घेणे शहाणपणाचे.

एका बाबतीत मात्र अत्यल्प मात्राही महत्त्वाची ठरू शकते. ती म्हणजे सोयाबीनची अॅलर्जी. ही अॅलर्जी प्रथिनांमुळे होते आणि लेसिथिनमध्ये प्रथिनांचे केवळ अवशेष उरतात. त्यामुळे बहुतेकांना त्रास होत नाही. पण ज्यांची अॅलर्जी तीव्र आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते खाऊ नये. म्हणूनच वेष्टनावर सोयाबीनचा उल्लेख करणे भारतात बंधनकारक आहे. घरी केलेल्या केकला वेष्टन नसते! तेव्हा शाळेत डबा वाटताना किंवा खाऊ विकताना त्यात सोया आहे हे तोंडी सांगणे हे आपले कर्तव्य ठरते.

घरी वापरायचे असेल तर

बाटलीतील शुद्ध केलेल्या तेलात लेसिथिन जवळजवळ उरलेले नसते. त्यामुळे त्यातून ते काढण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. हेक्झेनसारख्या ज्वालाग्राही द्रावकांचे प्रयोग तर घरी मुळीच करू नयेत. लेसिथिन रंग, शाई आणि चामडे यांच्या उद्योगातही लागते. म्हणून सुटा, बिननावाचा माल न घेता खाण्यासाठीचा, अन्नपरवान्याचा क्रमांक आणि मुदतीची तारीख छापलेला डबाच घ्यावा. तो बंद करून थंड, अंधाऱ्या जागी ठेवावा. खवट वास आला तर टाकून द्यावा. अर्धा किलो मैद्याच्या पावाला दोन ग्रॅम, म्हणजे सुमारे अर्धा चमचा, पुरे होते. जास्त घातले की पदार्थ अधिक चांगला होतो असे नाही. चॉकलेट तर मर्यादेबाहेर घातल्यास उलट घट्ट होऊ लागते.

आणि लेसिथिन नसले तर? काही अडत नाही. अंड्याचा बलक किंवा थोडे सोयापीठ घरगुती केकला पुरेसा आधार देते.

आता पुढच्या वेळी वेष्टनावर अनोळखी नाव दिसले, तर लगेच घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. काम काय, कोठून आले आणि किती, हे तीन प्रश्न विचारा. वर्गातील मित्रांनी दहा वेष्टने गोळा करून त्यांतील प्रत्येक पायसीकारकाला हेच प्रश्न लावून पाहावेत. विज्ञानाच्या तासाला याहून चांगला गृहपाठ कोणता?