आपली बातमी आपण मागवावी

नोकरी बदलायची म्हटली की माणूस आधी बायोडेटा झाडूनपुसून काढतो, चार पोर्टलांवर चढवतो आणि फोनची वाट बघत बसतो. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. ज्या क्षेत्रात शिरायचं, त्याच्या बातम्या आधी दोन-चार महिने रोज वाचाव्यात. तिथली माणसं कशावरून भांडतात, कुठला नियम बदलला की त्यांची धावपळ उडते, कुठलं यंत्र येत नसेल तर कुणी दारात उभं करत नाही, हे जाहिरातीत छापलेलं नसतं.

पोर्टलांचं आधी उरकून टाकतो. नौकरी डॉट कॉम १९९७ पासून आहे, लिंक्डइन २००३ पासून. केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस २०१५ साली सुरू झालं, तिथं नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. राज्य शासनाचं महास्वयम आहे. शिकायला स्वयम आणि एनपीटेल. व्हिडिओ फुकट, परीक्षेला फी. झालं. यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

मला लिहायचंय ते आरएसएस या वेबवरच्या बातम्या मागवायच्या पद्धतीबद्दल. घरी हा विषय काढला की मंडळी एकेक करून उठतात, पण दिवाळी अंकाचा वाचक निवांत असतो. हल्ली ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून येणाऱ्या बातम्या आपलं बोट कुठे थबकलं यावरून ठरतात. बोट थबकतं ते अपघातावर, नटीच्या लग्नावर. आरएसएसमध्ये आपण आधी ठिकाणं ठरवायची आणि तिथं आलेलं सगळं, आलेल्या क्रमाने, आपल्यापुढे यायचं. मधे कुणी शहाणा नाही.

हे काढलं नेटस्केप कंपनीत, १९९९ च्या मार्चमध्ये, डॅन लिबी आणि रामनाथन गुहा यांनी. गुहा आयआयटी मद्रासचे मेकॅनिकल इंजिनिअर. नेटस्केपच्या पानावर वाचकाने आपल्या आवडीचे बातम्यांचे चौकोन मांडावेत, एवढाच तेव्हाचा हेतू. पुढे कंपनीने अंग काढून घेतलं आणि भाऊबंदकी सुरू झाली. एका गटाने डिसेंबर २००० मध्ये आरएसएस १.० काढलं, त्या गटात ॲरन स्वार्ट्झ नावाचा १४ वर्षांचा पोरगा होता. दुसऱ्या बाजूच्या डेव्ह वायनर यांनी २००२ मध्ये थेट २.० काढून दाखवलं. दोन्हींना कंटाळलेल्यांनी ‘ॲटम’ नावाचा तिसरा संसार थाटला. गंमत म्हणजे आजचे वाचक-ॲप तिन्ही बिनतक्रार वाचतात.

आतून ती एक साधी मजकुराची फाइल असते. प्रत्येक बातमीचं शीर्षक, दुवा, तारीख आणि दोन ओळी. ॲप ठरावीक वेळाने जाऊन विचारतं, मागच्या खेपेनंतर काही बदललं का? नसेल तर सर्व्हर फक्त ३०४ हा आकडा सांगून परत पाठवतो. मला हा ३०४ फार आवडतो. सांगण्यासारखं काही नसताना गप्प बसणारी बातमीची यंत्रणा हल्ली दुसरी कुठे उरली आहे?

गूगल रीडर हे वाचक-ॲप १ जुलै २०१३ ला बंद झालं तेव्हा अनेकांनी आरएसएस मेलं म्हणून हात झटकले. पण पॉडकास्ट आजही याच फायलीवर चालतात. वर्डप्रेसवरच्या बहुतेक साइटच्या पत्त्यापुढे ‘फीड’ हा शब्द जोडला की ती हाती लागते. फीडली, इनोरीडर, न्यूजब्लर यांपैकी कुठलंही वाचक-ॲप घ्या. एखाद्या शब्दावर लावलेला गूगल अलर्टही ईमेलऐवजी फीड म्हणून मागवता येतो.

माझी एक मावसबहीण औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होती. औषधातले घटक मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रासमोर उभं राहून कंटाळलेली. अन्नतपासणीत जावंसं वाटायचं. तिला मी ‘फूड टेस्टिंग’ आणि ‘एनएबीएल’ (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) या शब्दांचे अलर्ट लावून दिले. २०२४ च्या एप्रिलमध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाल्यांवर इथिलीन ऑक्साइड या रसायनावरून आक्षेप घेतला आणि तिच्या यादीत धो धो बातम्या आल्या. त्या वाचताना तिच्या ध्यानात आलं की ही तपासणी तिच्या यंत्रावर होत नाही, जीसी-एमएस या दुसऱ्या यंत्रावर होते. तिने बायोडेटाला हात न लावता आधी जीसी-एमएसचं प्रशिक्षण घेतलं. आता ती अन्नतपासणीच्या लॅबमध्ये आहे. मध्यंतरी तिच्याकडे गेलो तर म्हणाली, “दादा, रोज वाचायला कंटाळा येतो रे, पण मुलाखतीत त्यांच्याच भाषेत बोलले मी.”

तिला जोडीला अमेरिकेच्या श्रम खात्याचं ओनेट हे संकेतस्थळ दाखवलं होतं. १९३९ पासून छापल्या जाणाऱ्या व्यवसायांच्या जाडजूड कोशाची जागा याने घेतली. त्यात नऊशेहून जास्त व्यवसाय आहेत आणि प्रत्येकाखाली दिवसभर काय करावं लागतं, किती वेळ उभं राहावं लागतं, इथपर्यंत नोंदी. पगाराचे आकडे तिकडचे, ते सोडून द्यावेत. बाकी काम कुठेही तेच. कल ओळखायची ६० प्रश्नांची चाचणीही आहे, फुकट. आपल्याकडच्या महागड्या कलचाचण्यांपेक्षा मला ती बरी वाटते.

आता पुन्हा आरएसएसवाले गुहा. हेच गृहस्थ पुढे गूगलमध्ये गेले आणि २०११ च्या स्कीमा डॉट ऑर्ग या उपक्रमामागे उभे राहिले. वेबपानावरच्या माहितीला यंत्राला कळतील अशी लेबलं लावायची ही पद्धत. त्यात नोकरीच्या जाहिरातीचाही साचा आहे: पद, ठिकाण, पगार, प्रसिद्धीची तारीख आणि मुदत. भारतात २०१८ पासून गूगलवर नोकरी शोधली की समोर येणाऱ्या जाहिराती याच लेबलांवरून उचललेल्या असतात. बातमी आणि नोकरी, दोन्हींच्या तळाशी एकच माणूस. मुदतीचा रकाना ऐच्छिक असल्याने पुष्कळजण तो भरतच नाहीत आणि भरून झालेल्या जागा महिनोन्‌महिने लटकत राहतात. तेव्हा जाहिरात दिसली की आधी तिच्या प्रसिद्धीची तारीख बघा आणि अर्ज कंपनीच्या स्वतःच्या पानावरून करा.