विश्लेषण : साडेतीन सेकंदांत ताशी २०६ किमी, रोलर कोस्टरला नेमका किती जोर लागतो?

अमेरिकेतील न्यू जर्सी येथील 'सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर' या उद्यानातला 'किंगडा का' रोलर कोस्टर फेब्रुवारी २०२५ मध्ये स्फोटकांनी पाडण्यात आला. २००५ मध्ये सुरू झाला तेव्हा तो जगात सर्वांत उंच आणि सर्वांत वेगवान होता. खोपोलीच्या इमॅजिकातील 'नायट्रो'ची गाडी साखळीने वर ओढली जाते, पुढचे काम गुरुत्वाकर्षण करते. 'किंगडा का'मध्ये उलटे होते. सपाट रुळावरच गाडीला ताशी २०६ किमी वेग दिला जाई आणि त्या जोरावर ती १३९ मीटरचा मनोरा चढे.

प्रवाशाच्या पाठीवर किती बल?

नववीचे सूत्र पुरते : बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. ताशी २०६ किमी म्हणजे सेकंदाला ५७.२ मीटर. हा वेग ३.५ सेकंदांत गाठायचा, तर सरासरी त्वरण १६.३ येते, गुरुत्व त्वरणाच्या सुमारे १.७ पट. ६० किलो वजनाच्या प्रवाशाला आसन मागून ९८० न्यूटन बलाने ढकलते. म्हणजे पाठीवर १०० किलोचे पोते रेटल्यासारखे! डोके मागे टेकवून बसण्याची सूचना उगाच दिलेली नसते.

आणि गाडीसाठी?

हिशेबापुरते प्रवाशांसह गाडीचे वजन १० टन धरू. बल होते १ लाख ६३ हजार न्यूटन. त्यासाठी तेलाच्या दाबाने नायट्रोजन वायू आधीच दाबून ठेवला जाई. तो मोकळा केला की हायड्रॉलिक मोटारी ड्रम फिरवत, ड्रमवर केबल गुंडाळली जाई आणि गाडी सुसाट ओढली जाई.

जोर कमी पडला तर?

खरी गोम इथे आहे. घर्षण आणि हवेचा विरोध शून्य मानला, तरी १३९ मीटर चढायला ताशी १८८ किमी वेग हवाच. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे तेवढ्याच अंतरात बल एक षष्ठांशाने कमी पडले, तरी गाडी माथा ओलांडू शकत नाही. प्रत्यक्षात घर्षण आणि वारा असतोच, म्हणून याहून कमी तूटही पुरते. मग गाडी आली त्याच वाटेने मागे घसरते. 'किंगडा का'त हे अधूनमधून घडायचे. गाडी सुटली की सपाट रुळावरचे चुंबकीय ब्रेक वर येत आणि उलट आलेल्या गाडीला थोपवत. त्यानंतर तिला पुन्हा सोडले जाई.