चेटकीण कोण ठरवतं?



मागे एकदा आमच्या केंद्रावर एका ताईंचा फोन आला. त्यांची आठवीतली मुलगी सुट्टीभर चेटकिणींच्या गोष्टी वाचत होती. रात्री उशिरापर्यंत दिवा मालवत नव्हती. ताईंनी विचारलं, "असलं वाचून पोरीच्या डोक्यात भलतंसलतं शिरणार नाही ना?" प्रश्न काळजीपोटी आलेला होता. आम्ही ती पुस्तकं मिळवली, आपापसांत वाटून वाचली आणि एकमेकींना सांगितली. आज त्याबद्दलच बोलू या.

चेटकीण म्हटलं की आपल्याला रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' नाटकातली चिंची चेटकीण आठवते. दिलीप प्रभावळकरांनी ती रंगवली, अलीकडच्या प्रयोगांत वैभव मांगले यांनी. पोरं तिला घाबरतात आणि खदखदून हसतातही. पण जुन्या गोष्टींमधली चेटकीण बहुतेक वेळा एकटी असते, म्हातारी असते, गावाबाहेर राहते. तिची बाजू काय, हे कुणी विचारत नाही. किशोरवयीन मुलींसाठीच्या नव्या कादंबऱ्यांनी नेमकं तेच विचारलं. त्यांत चेटकीण म्हणवली जाणारी मुलगीच नायिका असते. तिला जिवाभावाची माणसं असतात, आणि एक कोडं सोडवायचं असतं.

आम्हाला सगळ्यात आवडली ती 'द विच ऑफ ब्लॅकबर्ड पाँड'. लेखिका एलिझाबेथ जॉर्ज स्पीअर, पुस्तक १९५८ चं. दुसऱ्या वर्षी त्याला अमेरिकेतलं मुलांच्या पुस्तकांसाठीचं मानाचं न्यूबेरी पदक मिळालं. गोष्ट घडते १६८७ साली. सोळा वर्षांची किट टायलर बार्बाडोस बेटावरून कनेटिकटमधल्या वेदर्सफील्ड गावी मावशीकडे येते. येताना एका लहान मुलीची बाहुली पाण्यात पडते, म्हणून किट सरळ उडी मारून ती काढून देते. झालं! बाई असून पोहते? पाण्यात बुडत नाही, म्हणजे ही चेटकीणच, अशी कुजबूज सुरू होते.

त्या लहान मुलीचं नाव प्रुडन्स. तिची आई तिला मठ्ठ समजते, शाळेत धाडत नाही. तळ्याकाठी हॅना टपर नावाची म्हातारी विधवा एकटी राहते. ती क्वेकर, म्हणजे गावापेक्षा वेगळ्या पंथाची, म्हणून गाव तिच्याकडे संशयानं बघतं. तिच्या झोपडीत किट प्रुडन्सला चोरून लिहायला-वाचायला शिकवते. तिघींची मैत्री जमते. पुढे गावात तापाची साथ येते, मुलं दगावतात. लोक कारण शोधत नाहीत, माणूस शोधतात. हॅनाचं घर पेटवलं जातं. किट तिला वेळेवर बाहेर काढते, आणि मग आळ किटवरच येतो.

पुरावा कोणता? एक वही. तिच्यात पानभर प्रुडन्सचं नाव पुन्हा पुन्हा लिहिलेलं. लोक म्हणतात, हा मंत्र आहे, मुलीवर करणी केली आहे. तेवढ्यात प्रुडन्स स्वतः सगळ्यांसमोर येते, आपलं नाव लिहून दाखवते आणि बायबल वाचून दाखवते. मंत्र वगैरे काही नव्हतं, पोर अक्षर गिरवत होती! तिच्या बापाला लेकीचा अभिमान वाटतो आणि तो तक्रार मागे घेतो. हे वाचताना आमच्यापैकी एकीचा आवाज भरून आला. तिच्या आईनं साक्षरता वर्गात आपलं नाव असंच पानभर गिरवलं होतं.

ही गोष्ट काल्पनिक असली, तरी त्या मुलखात खरोखर असे खटले झाले. १६९२ साली जवळच्याच सेलममध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ जणांना फाशी दिलं गेलं.

दुसरं पुस्तक टेरी प्रॅचेट यांचं, 'द वी फ्री मेन', २००३ सालचं. यातली टिफनी अवघी नऊ वर्षांची. तिच्या भागातल्या सरदाराचा मुलगा बेपत्ता होतो. लोक एका एकट्या म्हातारीवर संशय घेतात, तिला घराबाहेर काढतात, आणि ती थंडीत मरते. मुलगा भलतीकडेच सापडतो. पुन्हा कुणाच्या वाट्याला असं येऊ नये, म्हणून टिफनी स्वतः चेटकीण व्हायचं ठरवते. पुढच्या भागांत ती मोठी होते. तिचं काम काय, तर आजाऱ्यांची शुश्रूषा करायची, अडलेल्यांच्या दारी जायचं. आपल्या गावातल्या सुईणीचं, आशाताईचं काम असतं, तसंच.

तिसरं, नायजेरियन-अमेरिकन लेखिका नेडी ओकोराफोर यांचं 'अकाटा विच', २०११ चं. नायजेरियातली बारा वर्षांची सनी जन्मतः पांढऱ्या कातडीची आहे, त्यावरून तिला चिडवतात. तिला तीन दोस्त मिळतात, आणि मुलं पळवणाऱ्या एका माणसाचा माग चौघं मिळून काढतात.

या गोष्टींतून आम्हाला एक सूत्र दिसलं. संकट आलं की गाव बोट दाखवतं, नायिका प्रश्न विचारते. ताप कशानं आला? मुलगा कुठं गेला? वहीत काय लिहिलंय?

आपल्याकडे हे प्रश्न अजून जुने झालेले नाहीत. सातपुड्याच्या पाड्यांवर बाईला डाकीण ठरवून मारहाण झाल्याच्या बातम्या आपण ऐकल्या आहेत. कुठं आजारपण, कुठं जमिनीचा वाद, आणि आळ बहुधा एकट्या बाईवर. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी यासाठी कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षं झगडा दिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळानं जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते असं सांगून तिचा छळ करणं हा आता गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आहे, जामीन सहज मिळत नाही. तक्रार पोलीस ठाण्यात करायची.

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं आमचं उत्तर हे: पोरीला वाचू द्या. दिवा मात्र वेळेवर मालवायला सांगा! दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना तिच्याकडून गोष्ट ऐका आणि एवढंच विचारा, "तिला चेटकीण कुणी ठरवलं गं? आणि तिच्या बाजूनं कोण उभं राहिलं?"

उद्या आपल्या आळीत कुणी एखाद्या बाईकडे बोट दाखवलं, तर हाच प्रश्न तुमची लेक मोठ्यांदा विचारेल. तेव्हा आपण तिच्या शेजारी उभ्या राहू या.