यू-९ : रॉकेलवर चालणारी पाणबुडी आणि तिच्याविषयीचे गैरसमज

जर्मन पाणबुडी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हिटलरचं नौदल आणि दुसरं महायुद्ध येतं. पण पाणबुडीची दहशत जगाला कळली ती त्याच्या पंचवीस वर्षं आधी. २२ सप्टेंबर १९१४ च्या सकाळी यू-९ या एकट्या जर्मन पाणबुडीने हॉलंडच्या किनाऱ्यापलीकडे जेमतेम दीड तासात ब्रिटनच्या तीन क्रूझर बुडवल्या. १,४५९ माणसं मेली. या घटनेवर भरपूर लिहिलं गेलं, आणि त्यासोबत काही चुकीच्या समजुतीही पक्क्या झाल्या.

त्यातली पहिली अशी, की पाणबुडी ही जर्मनांची खासियत आणि त्यांनीच तिच्यात आघाडी घेतली. वस्तुस्थिती उलट आहे. फ्रान्स, अमेरिका आणि ब्रिटनच्या नौदलांत पाणबुड्या आल्या तेव्हा जर्मनीच्या नौदल खात्याचे प्रमुख टिर्पिट्झ यांचा सारा जीव मोठ्या युद्धनौकांत होता. जर्मन नौदलाची पहिली पाणबुडी यू-१ दाखल झाली ती डिसेंबर १९०६ मध्ये. महायुद्ध पेटलं तेव्हाही जर्मनीकडच्या पाणबुड्या ब्रिटन आणि फ्रान्सपेक्षा कमीच होत्या.

दुसरी समजूत जास्त चिवट आहे: यू-९ म्हणजे त्या काळचं अत्याधुनिक अस्त्र. डान्झिगच्या सरकारी गोदीत बांधलेली ही पाणबुडी १९१० मध्ये सेवेत आली आणि चारच वर्षांत जुनी ठरली. लांबी सुमारे ५७ मीटर, वजन पाण्यावर पाचशे टनांच्या आसपास, माणसं तीसेक. पुढे दोन आणि मागे दोन अशा चार नळ्या, आणि टॉर्पेडो एकूण सहा. तिची इंजिनं कोर्टिंग कंपनीची, चक्क रॉकेलवर चालणारी. बंदिस्त पाणबुडीत पेट्रोलच्या वाफा म्हणजे स्फोटाला आमंत्रण, आणि भरवशाचं डिझेल इंजिन अजून हाती नव्हतं, म्हणून रॉकेल. त्याचा त्रास असा की इंजिन चालू असताना दाट पांढरा धूर निघे, रात्री ठिणग्याही उडत. लपूनछपून वार करणारी नौका मैलोन् मैल दिसायची! धूर बाहेर सोडणारं धुरांडं डेकवर उभं असे आणि बुडी मारण्याआधी ते काढून घ्यावं लागे. जर्मन नौदलाच्या डिझेल पाणबुड्या यू-१९ पासून सुरू झाल्या, म्हणजे युद्धाच्या वेळी यू-९ पेक्षा चांगल्या पाणबुड्या जर्मनीकडे होत्या.

पाणबुडी पाण्याखालीच वावरते, असंही अनेकांना वाटतं. त्या पिढीच्या पाणबुड्या खरं तर पाण्यावरून चालणाऱ्या आणि गरजेपुरती बुडी मारणाऱ्या नौका होत्या. पाण्यावर यू-९ चा वेग ताशी २६ किलोमीटर, पाण्याखाली जेमतेम १५. खाली सगळी मदार बॅटऱ्यांवर, आणि त्या संपल्या की वर येऊन इंजिन चालवून त्या भरणं भाग होतं. आतलं जगणं हालाचं होतं. बाहेरच्या थंड पाण्यामुळे पोलादी पत्र्याला आतून घाम सुटे आणि झोपलेल्यांच्या तोंडावर थेंब गळत राहत.

आता त्या सकाळकडे येऊ. जर्मनांच्या अनेक पाणबुड्या टपून बसल्या होत्या, ही ब्रिटनमध्ये तेव्हा पसरलेली समजूत आजही कधी कधी वाचायला मिळते. तिथे फक्त यू-९ होती. रात्रभर वादळापायी ती तळाशी होती आणि सकाळी बॅटऱ्या भरायला वर आली होती. कप्तान ओटो वेडिगेन यांना क्षितिजावर जहाजं दिसली. अबुकिर, होग आणि क्रेसी या तीन क्रूझर दहा नॉटच्या आसपास वेगाने, वळणं न घेता, सरळ रेषेत येत होत्या. खराब हवेमुळे सोबतच्या विनाशिका माघारी गेलेल्या.

सहा वाजून वीस मिनिटांनी अबुकिरला टॉर्पेडो लागला. तिचे कप्तान ड्रमंड यांना वाटलं, पाणसुरुंग असावा. म्हणून त्यांनी बाकी दोन्ही जहाजांना मदतीला जवळ बोलावलं. होग थांबून होड्या सोडू लागली. वेडिगेन यांनी तिच्यावर दोन टॉर्पेडो सोडले. एवढं वजन एकदम निघून गेल्याने यू-९ चं नाक उसळून पाण्याबाहेर आलं आणि होगच्या तोफा तिच्यावर सुटल्या. पाणबुडीचा तोल सावरायला खलाशी आतल्या आत पुढे-मागे धावत होते; माणसांचं वजन हाच तेव्हाचा उपाय. त्यानंतर क्रेसी. मागच्या नळ्यांतून दोन, त्यातला एक चुकला. मग पुढून शेवटचा. सहाही टॉर्पेडो संपले.

पहिल्या मारानंतर पुढच्या नळ्या पाण्याखालीच पुन्हा भरल्या गेल्या. याला नशीब म्हणणं अन्यायाचं आहे. जुलै १९१४ मध्ये याच खलाशांनी बुडालेल्या अवस्थेत नळी भरण्याचा सराव केला होता, आणि त्या काळी ही नवलाची गोष्ट होती. माझ्या मते त्या दिवसाचं श्रेय यंत्रापेक्षा या सरावाला जातं, आणि तितकंच ब्रिटिश नौदलाच्या बेफिकिरीलाही.

कारण बुडालेली जहाजं ब्रिटनच्या आरमाराचं भूषण मुळीच नव्हती. ती शतकाच्या सुरुवातीची, कालबाह्य झालेली. त्यांवर बहुतेक राखीव दलातले, घरसंसार असलेले खलाशी होते आणि डार्टमथच्या नाविक महाविद्यालयातली शाळकरी वयाची मुलं. खुद्द आरमारात या ताफ्याला ‘जिवंत आमिष’ म्हणत, म्हणजे धोका कुणालाच ठाऊक नव्हता असंही नाही. हे मृत्यू टाळता आले असते. फ्लोरा आणि टायटन या डच जहाजांनी व इतरांनी मिळून ८३७ जण वाचवले. त्यानंतर ब्रिटिश नौदलाने मोठ्या जहाजांना बुडणाऱ्यांसाठी थांबायलाच मनाई केली.

२२ सप्टेंबरच्याच रात्री जर्मन नौदलाच्या एम्डेनने मद्रासवर तोफा डागल्या आणि तेलाच्या टाक्या पेटवल्या. एम्डेन मात्र क्रूझर होती, पाणबुडी नव्हे. जर्मन सम्राट कैसरने आयर्न क्रॉसचा मान ज्या दोन नौकांना दिला त्या याच, एम्डेन आणि यू-९.

वेडिगेन यू-९ वर मेले, हेही खरं नाही. ऑक्टोबर १९१४ मध्ये त्यांनी यू-९ मधून हॉक ही आणखी एक जुनी क्रूझर बुडवली, पाचशेहून अधिक माणसं गेली. मग त्यांना नवी यू-२९ मिळाली. १८ मार्च १९१५ रोजी स्कॉटलंडच्या उत्तरेला ड्रेडनॉट या युद्धनौकेने धडक देऊन ती बुडवली, आणि आतलं कोणीही वाचलं नाही. जुनाट यू-९ मात्र टिकली. १९१६ पासून ती प्रशिक्षणाला वापरली गेली, युद्ध संपल्यावर ब्रिटिशांच्या हवाली झाली आणि भंगारात निघाली. त्या पिढीची रॉकेलवरची पाणबुडी पाहायची असेल तर म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये यू-१ जपून ठेवली आहे. आतलं दिसावं म्हणून तिची एक बाजू उघडी केली आहे.