गाडीत बसवण्याचा गुन्हा

रोया नदी फ्रान्सच्या आल्प्समध्ये उगम पावते आणि इटलीत वेंतिमिलियाजवळ समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्यातली तांद आणि ला ब्रिग ही गावं १९४७ पर्यंत इटलीची होती. युद्धानंतरच्या करारानं सीमा सरकली आणि तिथली माणसं घरबसल्या फ्रेंच झाली.

२०१५ मध्ये फ्रान्सनं याच सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली. सुदान, इरिट्रियाहून आलेले लोक वेंतिमिलियात अडकले. किनाऱ्यालगतच्या मांतोंमध्ये पोलीस त्यांना गाडीतून उतरवून परत धाडत. मग ते रुळांच्या कडेनं, डोंगरवाटांनी चालत रोया खोऱ्यात उतरू लागले. खरी मेख इथं होती. आश्रयाच्या अर्जासाठी नीस गाठायचं आणि नीसच्या वाटेवर पोलिसांच्या चौक्या. अर्ज करायला निघालेला माणूस अर्जाआधीच परत सीमेपार धाडला जाई. यात एकटी आलेली मुलंही असत. कायद्यानं दिलेला हक्क होता, पण तो बजावायला गाडी हवी होती.

ब्रेय-सुर-रोयाच्या सेद्रिक एरू या शेतकऱ्यानं ती गाडी दिली. त्याचा धंदा ऑलिव्ह आणि कोंबड्यांचा. वाटेवर भेटलेल्यांना तो घरी आणी, शेतात तंबू ठोकून देई, नीसकडे पोचवी. बेकायदा परदेशी व्यक्तीला प्रवेश, प्रवास किंवा वास्तव्यासाठी मदत करणं हा फ्रान्समध्ये पाच वर्षं कैद आणि ३० हजार युरो दंडाचा गुन्हा. मोबदला न घेता जेवण वा निवारा देणाऱ्याला सूट होती, प्रवासाला नव्हती. ऑगस्ट २०१७ मध्ये अपील न्यायालयानं एरूला चार महिन्यांची स्थगित कैद सुनावली.

प्रकरण कायदे घटनेला धरून आहेत का हे तपासणाऱ्या संविधान परिषदेपुढे गेलं. ६ जुलै २०१८ रोजी परिषदेनं सांगितलं की राष्ट्राच्या ब्रीदातली बंधुता हे घटनात्मक तत्त्व आहे आणि माणुसकीपोटी मदत करण्याचं स्वातंत्र्य त्यातूनच येतं, समोरच्याचं वास्तव्य कायदेशीर असो वा नसो. देशांतर्गत प्रवासाला मदत करणाऱ्यालाही सूट मिळाली. एरूची निर्दोष मुक्तता २०२१ मध्ये कायम झाली. दरम्यान त्याच्या शेतावर गरीब, बेघरांसोबत काम करणाऱ्या एमाउस चळवळीचा शेतकरी समुदाय उभा राहिला.

अशा मदतीमुळे तस्करांचं फावतं, हा आक्षेप मला पटत नाही. तस्कराचा दर नाक्यावरच्या पहाऱ्याबरोबर वाढतो. फुकट नेणारा शेतकरी त्याचं गिऱ्हाईक तोडतो.

तरीही परिषदेचा निकाल अर्ध्यावर थांबला, कारण सीमा ओलांडायला मदत करणं गुन्हाच राहिलं. २०१८ च्याच मार्चमध्ये याच सीमेवरच्या मोंजेनेव्हरच्या बर्फात एका गिर्यारोहण मार्गदर्शकाला दिवस भरत आलेली नायजेरियन बाई सापडली. ब्रियांसोंच्या रुग्णालयाकडे नेताना तिला प्रसववेदना सुरू झाल्या, तरी त्याची गाडी अडवली गेली आणि पुढे त्याची चौकशीही झाली. परिषदेच्या निकालानंतरही अशा माणसाला आधी एकच प्रश्न विचारला जाईल: ती तुला रेषेच्या कुठल्या बाजूला सापडली?