बर्नींचे थोरले बंधू, विटनीचे उमेदवार

२०१६ या एकाच वर्षात सँडर्स कुटुंबातले दोघे भाऊ दोन देशांत निवडणुकीच्या रिंगणात होते. धाकटे बर्नी अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवण्यासाठी हिलरी क्लिंटन यांच्याशी लढले आणि एक कोटी तीस लाखांहून अधिक मते घेऊन हरले. थोरले लॅरी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधल्या विटनीच्या पोटनिवडणुकीत ग्रीन पक्षातर्फे उभे राहिले. त्यांना मते पडली १,३६३. बहुतेक बातम्यांनी त्यांची ओळख ‘बर्नींचे भाऊ’ एवढ्यावरच संपवली. वास्तविक या घरात राजकारणाची गोडी आधी लागली ती थोरल्याला, आणि धाकट्याला ती त्यानेच लावली.

ब्रुकलिनचे घर

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात साडेतीन खोल्यांच्या भाड्याच्या घरात ही दोन मुले वाढली. वडील एली १९२१ मध्ये सतराव्या वर्षी पोलंडमधून आलेले ज्यू स्थलांतरित. ते रंगविक्रीच्या व्यवसायात नोकरी करत. तिकडे मागे राहिलेले त्यांचे अनेक नातेवाईक पुढे नाझींच्या वंशसंहारात मारले गेले. आई डोरोथी यांना स्वतःच्या मालकीचे घर हवे होते. ते काही झाले नाही. पैशाची ओढाताण कायमची. आई चाळिशीतच गेल्या, पाठोपाठ वडीलही साठी गाठण्याआधी गेले.

लॅरी बर्नींहून सहाएक वर्षांनी मोठे. ब्रुकलिन कॉलेजात असताना ते डेमोक्रॅटिक पक्षाच्या युवा शाखेच्या बैठकांना धाकट्या भावाला सोबत नेत. राजकीय विचारांची ओळख लॅरींमुळे झाली, असे बर्नी आजही सांगतात. पुढे लॅरींनी हार्वर्डमध्ये कायद्याचे शिक्षण घेतले आणि साठच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंड गाठले. तिथे ते समाजकार्यात पडले, त्या विषयाचे अध्यापनही केले आणि ऑक्सफर्डचेच झाले.

ऑक्सफर्डमधली आठ वर्षे

लॅरी आधी मजूर पक्षात होते. टोनी ब्लेअर यांच्या काळात पक्ष उजवीकडे सरकला, तेव्हा त्यांनी तो सोडला आणि २००१ मध्ये ग्रीन पक्षात प्रवेश केला. २००५ ते २०१३ ते ऑक्सफर्डशायर कौंटी कौन्सिलवर पूर्व ऑक्सफर्डचे प्रतिनिधी होते. कौंटी कौन्सिल म्हणजे साधारण आपल्याकडच्या जिल्हा परिषदेसारखी संस्था. रस्ते, ग्रंथालये आणि मुख्य म्हणजे वृद्ध व अपंगांची देखभाल तिच्याकडे असते.

लॅरींच्या राजकारणाची मुळे या शेवटच्या कामात आहेत. १९४८ पासून ब्रिटनमध्ये एनएचएस ही सार्वजनिक आरोग्यसेवा आहे. समजा, एकट्या राहणाऱ्या आजी घरात पडल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया, औषधे, रुग्णालयातला मुक्काम, कशाचेही बिल त्यांना येत नाही. मात्र घरी परतल्यावर त्यांना अंघोळ घालायला, कपडे बदलायला जी मदतनीस लागते ती एनएचएसच्या कक्षेत येत नाही. ती जबाबदारी कौन्सिलची, आणि तिथे आजींची मिळकत व शिल्लक तपासून ठरते की खर्च कोणी करायचा. मदतनीस वेळेवर मिळाली नाही, तर बऱ्या झालेल्या आजी रुग्णालयातच अडकून पडतात आणि त्या खाटेची गरज असलेला दुसरा रुग्ण बाहेर ताटकळतो.

२०१० नंतर डेव्हिड कॅमेरून यांच्या सरकारने स्थानिक संस्थांच्या अनुदानाला कात्री लावली. परिणाम इतका जाणवला की, २०१५ मध्ये खुद्द कॅमेरून यांनी विटनीचे खासदार या नात्याने ऑक्सफर्डशायर कौन्सिलच्या प्रमुखांना पत्र लिहून सेवांमधल्या कपातीबद्दल नाराजी कळवली. कौन्सिलचे प्रमुख त्यांच्याच हुजूर पक्षाचे. अनुदान तुमच्याच सरकारने घटवले आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी आकड्यांसह पंतप्रधानांना धाडले.

अमेरिकन माणूस उभा कसा राहिला?

ब्रिटिश संसदेसाठी ब्रिटिश किंवा आयरिश नागरिक उभा राहू शकतो. त्याचबरोबर राष्ट्रकुल देशाचा नागरिकही, ब्रिटनमध्ये कायम राहण्याचा हक्क त्याला असेल तर. राष्ट्रकुलाच्या याच नात्यामुळे लंडनमध्ये राहणाऱ्या, भारतीय पासपोर्ट बाळगणाऱ्या मराठी माणसाला तिथल्या संसदेसाठी मतदानही करता येते. अमेरिका राष्ट्रकुलात नाही. लॅरी उभे राहू शकले, कारण त्यांच्याकडे दोन्ही देशांचे नागरिकत्व आहे. म्हणूनच जुलै २०१६ मध्ये फिलाडेल्फियाच्या डेमोक्रॅटिक अधिवेशनातही ते परदेशस्थ डेमोक्रॅट्सचे प्रतिनिधी म्हणून गेले. आपले मत बर्नींना देताना त्यांनी एली आणि डोरोथी यांची नावे घेतली. त्यांना आज मुलाचा किती अभिमान वाटला असता, हे सांगताना त्यांचा कंठ दाटला आणि समोर बसलेल्या बर्नींचे डोळे भरून आले.

भारतात असे दोन्हीकडे पाय ठेवता येत नाहीत. परदेशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे आपोआप जाते. ओसीआय कार्ड हाती असले, तरी त्यावर मतदान करता येत नाही आणि निवडणूकही लढवता येत नाही.

विटनीचा कौल

विटनी हा एकेकाळी ब्लँकेटसाठी प्रसिद्ध असलेला गाव आणि आजूबाजूचा सुखवस्तू ग्रामीण भाग. मतदारसंघ हुजूर पक्षाचा बालेकिल्ला. ब्रेक्झिटच्या सार्वमतात हरल्यावर कॅमेरून यांनी आधी पंतप्रधानपद आणि सप्टेंबरमध्ये खासदारकी सोडली. २० ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीला चौदा उमेदवार होते. ऐंशी ओलांडलेल्या लॅरींनी आरोग्य आणि वृद्धांची देखभाल हाच मुद्दा लावून धरला. बर्नींनी अमेरिकेतून पाठिंब्याचा व्हिडिओ पाठवला. आडनावामुळे पत्रकार गोळा झाले. मतदारांनी मात्र आपला हिशेब आपल्या परीने मांडला.

हुजूर पक्षाचे रॉबर्ट कोर्ट्स १७,३१३ मते घेऊन जिंकले. कॅमेरून यांचे २५ हजारांचे मताधिक्य ५,७०२ वर घसरले. युरोपीय संघात राहू इच्छिणाऱ्या मतदारांनी लिबरल डेमोक्रॅट पक्षाला ११,६११ मते दिली. मजूर पक्ष तिसरा. लॅरी साडेतीन टक्के मतांसह चौथे आले. तिथे ५०० पौंडांची अनामत वाचवायला पाच टक्के मते लागतात, तेव्हा तीही जप्त झाली. आपल्याकडे एक षष्ठांश मते लागतात. तो नियम विटनीत असता, तर पंधरा टक्क्यांवर थांबलेल्या मजूर पक्षाचीही अनामत गेली असती.

भावाच्या नावाचा मतपेटीत उपयोग होत नाही, याचा अनुभव केनियातही आला होता. बराक ओबामा यांचे सावत्र भाऊ मलिक यांनी २०१३ मध्ये सियाया परगण्याच्या गव्हर्नरपदाची निवडणूक लढवली. ओबामांचे पितृगाव त्याच परगण्यात. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष भाऊ असूनही मलिक यांचा पार धुव्वा उडाला.

महाराष्ट्रात तिकीटवाटपाच्या दिवसांत भाऊ, मुलगा, पुतण्या, सून यांची नावे कशी पुढे सरकतात ते आपण जाणतो. तिथे आडनावाबरोबर साखर कारखाना, बँक, संस्था आणि कार्यकर्त्यांची फळी येते, म्हणून ते आडनाव मते आणते. लॅरींच्या वाट्याला भावाकडून यातले काहीच आले नाही. त्यांच्याकडे होती ती कौन्सिलमधली आठ वर्षे आणि वृद्धांच्या देखभालीचा एक मुद्दा. तेवढ्या बळावर ते हरणारी लढत लढले आणि पुढच्याच वर्षी सार्वत्रिक निवडणुकीत पूर्व ऑक्सफर्डमधून पुन्हा उभे राहिले.

अशा उमेदवारीला ‘मते खाणारी’ म्हणून हिणवण्याची आपल्याला सवय आहे. ती सोडायला हवी, असे मला मनापासून वाटते. १८८६ मध्ये दादाभाई नौरोजी लंडनच्या हॉलबर्नमधून सपशेल हरले होते. सहा वर्षांनी फिन्सबरीतून ते जेमतेम मतांनी निवडून आले आणि भारताच्या दारिद्र्याचा प्रश्न त्यांनी थेट ब्रिटिश संसदेत मांडला. २०१६ मध्ये एकच खासदार असलेल्या ग्रीन पक्षाने २०२४ मध्ये चार जागा जिंकल्या. हे यश लॅरींच्या १,३६३ मतांनी मिळवून दिले, असा दावा कोणी करू नये. पण ज्या मतदारसंघांत जिंकण्याची आशा नव्हती, तिथेही या पक्षाने माणसे उभी केली, मतदारांसमोर आपले म्हणणे मांडले आणि अनामत गमावली, म्हणून तो टिकला. येत्या निवडणुकीत आपल्या मतपत्रिकेवरही अशी चार-दोन नावे असतील. मत कोणालाही द्या, पण त्यांचे पत्रक टाकून देण्याआधी वाचा. मोठ्या पक्षांनी वगळलेला एखादा प्रश्न अनेकदा त्यातच सापडतो.